आंबवण

हायफाँगच्या बंदरातून कायतानचा आवाज:
डुकराचं ताजं मांस, पाण्याचा थेंब लागता नये,
कातडी उकडून केसांसारखी कातरायची,
भाजल्या तांदळाची पूड, लसूण,
आणि मीठ. मीठ मात्र मोजून.
मागे क्रेनची घरघर. मग रेंज गेली.

वेंगुर्ल्याच्या बाजारात पास्कूनं विचारलं,
"सोरपोतेल काय गो?"
नाय, म्हटलं, कच्चाच.
त्याची सुरी जरा थांबली.

उकडा तांदूळ भाजून पाट्यावर वाटला.
परसातल्या पेरूचं एकेक पान, वर मिरचीची चकती,
केळीच्या पानात आवळून सोपटाची गाठ.
बावीस पुड्या दांडीला टांगल्या
खाऱ्या बांगड्यांच्या शेजारी.
इस्पेरांस नाक दाबून गेली.
बांगड्यांचं तिला कधी काही वाटलं नाही.

पहिल्या दिवशी काहीच नाही.
दुसऱ्या दिवशी पान पिवळट, बोटाला घट्ट लागतं.
तिसऱ्या दिवशी एक सोडली:
गुलाबी, गार, आंबट,
मिरची उशिरा आली, त्याच्यासारखीच.

फोटो पाठवला. अजून पोचलेला नाही.
तीन दिवसांत आंबतं, म्हणाला होता.
कंत्राट चार महिने वाढलंय,
तेवढ्यात माणूस किती आंबतो
ते विचारायचं राहिलं.

एकवीस उरल्यात.
तिन्हीसांजेला इस्पेरांस परत आली,
पदर नाकावर नव्हता.
दांडीकडे बघत म्हणाली,
"एक दी बघया, चाखूक."