खाली, उजव्या कोपऱ्यात

मार्शलसाहेब आले ते गठ्ठ्यातून,
खांद्याला कसर लागलेली.
कामठीच्या कुणा कर्नलच्या लिलावातलं सामान.
मी नोंदवहीत लिहिते: फ्रान्स. तांब्यावरचं कोरीव, छाप कागदावर.
चिलखत. रेशमी पट्टा. हातात दंड, दंडावर लिलीची फुलं.
मागे पडदा, पडद्याआड बोटाएवढी लढाई,
धूर असा की फुंकर मारली तर जाईल.

मे महिना. कूलरमधलं पाणी संपलेलं.
बकाराम निनावे चौकटीचे खिळे उपसतायत.
तीस वर्षं अंबाझरीच्या फॅक्टरीत
तोफगोळ्यांवर नंबर ठोकले,
आता इतवारीत स्टीलच्या डब्यांवर नावं घालतात.
चष्मा कपाळावर सारून
नाक कागदाला लावतात.

"घरात बसून यानं लोखंड कायले घातलं?"
चित्रापुरतं, मी म्हणते. तेव्हा लढाईत फारसं कुणी घालत नसे.
"म्हणजे लग्नातली शेरवानी. भाड्याची.
अन् हे लाटणं?"
राजाने दिलेला दंड. तो उचलला की फौज हलते.
"लाटणंच मग. आमच्या घरीबी त्यानंच हलते."

हसतो.
मग त्यांचं बोट चिलखतावरून फिरतं, न टेकता.
छातीवर उजेड पडलाय
तिथे कागद कोराच.
"चकाकी काढलीच नाई त्यानं.
भोवती रेघा मारत गेला, ती उरली."

पायाशी तोफ, तोंड आमच्याकडे.
तिथे ते फार वेळ थांबतात.
नंबर शोधतात.

"ठशावरचा सात उलटा असते, बाई.
तीस वर्षं मी उलटंच वाचलं.
सुलटा होऊन तो कुठं गेला, कोणी सांगितलं नाई."

म्हणजे तांब्यावर साहेब डावखुरे होते.
तलवार भलत्याच कमरेला.
आणि त्यांना असं पाहिलेला माणूस
खाली, उजव्या कोपऱ्यात,
मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत,
अर्धा कसरीने नेलेला.
वर साहेबांचं नाव पदव्यांसकट, वेलबुट्टीत.

रकाना: कोरणारा.
मी लिहिते, अज्ञात.
निनावे वहीत डोकावतात.
"अज्ञात कायले? अर्धं तर हाये.
माह्या आडनावात तेवढंबी नाई."

मी खोडते.
भिंग घेते. तीन अक्षरं लागतात,
चौथ्याचा फक्त एक पाय.
तोही लिहिते.

ते बादली उचलून
कूलरसाठी पाणी आणायला जातात.