टोकन एकशे बारा

राळेगावच्या जिनिंगसमोर आमची रांग,
मागचं टोक कालव्याच्या पुलापाशी गेलेलं,
पुढच्या टोकाला काटा, आणि काटा बंद.
माझं टोकन एकशे बारा.
ट्रॅक्टरला हँडब्रेक नाही,
म्हणून चाकाखाली घरून आणलेला दगड.

रात्री अकराला गुलाब टेकामनं
ट्रॉलीच्या फाळक्यावर पाय सोडून विषय काढला :
सगळ्या देशांची एक शर्यत लावायची.
कंपन्यांची नाही, देशांची.
एका देशाचे तीन ड्रायव्हर, पाळीपाळीनं,
आणि गाडी सगळ्यांना सारखी,
एकाच कारखान्यातली, चिठ्ठ्या टाकून वाटलेली.
शंकरपटासारखं नाही,
की ज्याची जोडी पाच लाखाची त्याचीच झेंडी.
"मंग समजन," तो म्हणाला,
"धावते कोन, पैसा का मानूस."

जपान घेतलं, ब्राझील घेतलं, इटली.
फिनलंड शेख महेबूबनं सुचवलं :
त्याचा पहिला मोबाइल तिथला होता,
विहिरीत पडूनही वाजायचा.

भारताचे तीन निवडताना अर्धी रात्र गेली.
एक महेबूब स्वतःच :
वडकी-राळेगाव काळी-पिवळी, आत चौदा, टपावर बकरी,
डावं दार दोरीनं बांधलेलं,
बावीस वर्षांत एक कोंबडी तेवढी मेली,
तिचेही पैसे दिलेले.
दुसरे एसटीतून रिटायर झालेले कोहळेबुवा,
"गिअर त्यायच्या हातात
लोन्यात सुरी गेल्यावानी जाते."
तिसऱ्यावरून भांडण.
मी छबूचं नाव घेतलं.
छबू नागोसे, टोकन एकशे चौदा,
शाल गुंडाळून सीटवरच पेंगलेली,
जोडलेल्या दोन ट्रॉल्या रिव्हर्समध्ये
गोठ्याच्या दारातून नेते.
ब्राझीलवाल्यानं करून दाखवावं.
डोळे न उघडताच ती म्हणाली,
"पासपोट कोन काढून देईन?"

रस्ता आपलाच ठरला, वडकी ते राळेगाव, खड्ड्यांसकट.
गुलाब पटावर अनाउन्सर असतो,
त्यानं मूठ तोंडाशी धरली :
जर्मनी समोर! जर्मनी समोर!
जर्मनी... खड्ड्यात!
रानडुक्कर आडवं, इटली पऱ्हाटीत घुसली,
बोनेटवर कापूस घेऊन पुन्हा रस्त्यावर.
फिनलंडवाला बोलत नाही,
आरसाही पाहत नाही.
कोहळेबुवांनी गाडी सहावी आणून दिली
आणि उतरून आधी टायर लाथेनं तपासले.
छबूनं एका वळणात तीन देश कापले,
वळण कुठलं ते सांगायला गुलाब विसरला.
मग महेबूब. शेवटची फेरी.
फिनलंड मागे पडलं, पुढे कोणीच नाही,
रस्ता मोकळा, फाट्यावरची चिंच दिसू लागली,
चिंचेखाली एक बाई,
डोक्यावर बोचकं, हात वर.

गुलाब थांबला. मूठ तशीच तोंडाशी.
आम्ही सगळे महेबूबकडे वळलो.
"मारला बे ब्रेक," तो म्हणाला,
"काय करू, पाय आपोआपच जाते."

फिनलंड निघून गेलं.
जपान गेलं, पऱ्हाटीतली इटलीसुद्धा.
बाईनं बोचकं आधी आत टाकलं,
मग चप्पल हातात घेऊन चढली.

नियमात कुठं लिहिलंय सवारी घेऊ नये,
यावर दोनपर्यंत वाद.
कोणीतरी विचारलं, फिनलंडात रांग असते का.
महेबूब म्हणाला, असनच. कापूस नसन, पन रांग असन.

साडेतीनला काटा उघडला.
एकेक करत इंजिनं पेटली, पुलापर्यंत,
धूर, हेडलाइट, धुरात हेडलाइट,
बोटं स्टिअरिंगवर घट्ट.
आता झेंडी पडणार असं वाटलं, खरंच वाटलं.
चौकीदारानं बॅटरी हलवली.
सुटलो.

अठरा फूट.

मी उतरलो, दगड शोधला, चाकाखाली सारला.
मागून छबूचा आवाज आला, झोपेतलाच :
"त्या बाईले उतरवलं का नाही मंग?"