पाय लागला तर

हॅलिफॅक्समध्ये सपाट रस्ता शोधावा लागतो.
माझं घर चढावर, दवाखाना चढावर,
आणि परीक्षा पास झाल्याच्या एकोणिसाव्या दिवशी
सिग्नल हिरवा झाला, तोही चढावरच.

क्लच सुटला. गाडी मागे गेली,
हातभर, फार तर दीड हात.
आवाज असा, की फडताळातलं पातेलं पडावं
आणि अख्खं घर गप्प व्हावं.

आठ महिने डाव्या सीटवर बसून
पेपरमिंट चघळत नसीम आपांनी सांगितलेलं:
पळायचं नाही. पळावंसं वाटतं, सगळ्यांनाच वाटतं.
इंजिन बंद कर. चारी दिवे लुकलुकते ठेव.
दार उघडण्याआधी आरसा बघ,
एका अपघाताला दुसरा जोडू नकोस.
आधी माणसं. मग पत्रा.

उतरले. गुडघे माझे नव्हते.
मागच्या निळ्या गाडीतून आधी टोपी उतरली,
मग काठी, मग मिस्टर ऑल्ड्रॉइड.
"लागलं का?" मी विचारलं.
"तुला?" त्यांनी विचारलं.
कुणालाच नव्हतं. एवढं सोपं उत्तर
द्यायला आम्हाला बराच वेळ लागला.

आपांनी आणखी एक बजावलं होतं:
चूक कुणाची, ते रस्त्यावर बोलायचं नाही.
नाव, पत्ता, गाडीचा नंबर, विम्याची कंपनी
द्यायचं, घ्यायचं, तोंड मिटायचं.
तोंड मी मिटलंच होतं.
पण हात,
त्याला कुणी शिकवणी लावली नव्हती.
तो गेला, त्यांच्या बॉनेटला शिवला
आणि माझ्या छातीशी आला,
कुणाला पाय लागल्यावर येतो तसा,
मला न विचारता.

"तापलंय का गं?" ते म्हणाले.
इंजिन तपासतेय असं वाटलं त्यांना.
"नाही," मी म्हटलं. "ठीक आहे."

फोटो काढले. पहिल्यात नुसता माझा अंगठा.
मग पोचा, मग दोन्ही नंबर, मग ओला रस्ता
खाली गिरणीच्या चिमणीपर्यंत उतरत गेलेला.
विम्याचा आकडा मी दोनदा चुकून वाचला,
त्यांनी दोनदा खोडला, रोपवाटिकेच्या बिलामागे.
एक बस वळसा घालून गेली, हॉर्न न देता.

मग त्यांनी डिकी उघडली.
टोमॅटोची रोपं, बारा, सगळी आडवी.
"चढानंच कलंडली असतील," ते म्हणाले
आणि माझ्याकडे बघायचं टाळलं.
याबद्दल आपा काही बोलल्या नव्हत्या.
मी ओंजळीनं माती भरत गेले,
ते अंगठ्यानं दाबत गेले.
अकरा उभी राहिली.
बारावं माझ्या हातात ठेवलं. "मोडलंय.
पण लाव. टोमॅटो हट्टी असतो."

रात्री विम्याचा फॉर्म भरला.
नुकसानीचं वर्णन करा: जागा तीन ओळींची.
बंपर लिहिला, डावा दिवा लिहिला.
घटनास्थळी चूक कबूल केली का?
हाताकडे पाहिलं.
नखांत अजून माती होती.
'नाही'वर खूण केली.

रोपाला काडेपेटीच्या काडीचा आधार बांधत होते
तेव्हा ॲबर्डीनहून सुहृदचा फोन आला.
"गाडीला कितपत लागलंय?"
पेपरमिंट नव्हतं. लवंग चघळत होते.
"त्याच्या आधीचं विचार," म्हटलं.