अकरावं पेर

या प्रजातीत जाती पाच.
बडोद्याच्या आमच्या कपाटात, तिसऱ्या खणात,
डांबरगोळ्यांच्या वासात
हे भुंगेरे, मोहरीएवढे.

पाचवी जात दाभोळे सरांनी पाडली,
बासष्ट साली, एकाच नगावरून:
शृंगिकेला पेरं दहा, बाकीच्यांना अकरा.
नाव दिलं रेवजीचं. रेवजी राठवा,
विश्वामित्रीकाठी कंदील नि पांढरी चादर घेऊन
रात्र रात्र बसणारा विभागाचा शिपाई.

मी भिंग बदललं.
ओल्या कुंचल्यानं गोंदाचा थेंब सोडवत गेले.
होतं अकरावं पेर. आतच, बुडालेलं.

जात जाता जात नाही म्हणतात.
ही एका दुपारी गेली.

रेवजीला सांगायला गोरव्याला गेले.
खाटेवर बसून त्यानं सगळं ऐकलं,
कानामागे हात धरून.
"बेन, गोंद मीच लावलेला.
सर घाई करत होते."
मग बराच वेळ हसत राहिला,
खोकला येईपर्यंत.

जुनी चिठ्ठी काढायची नसते, असा नियम आहे.
नवी तिच्याखाली, त्याच टाचणीत.
रेवजी मधोमध.
वर भुंगेरा, पाय पाच.
सहावा मी विचारायला विसरले.