निकालाऐवजी

सहामाही संपायला तीन दिवस
आणि माझ्या चार कविता अजून बाकी.

आमच्या शाळेत गुण नाहीत, नंबर नाहीत.
प्रत्येक मुलाला बाई चार ओळी लिहून देतात.
मूल ज्या वारी जन्मलं त्या वारी
ते सगळ्यांसमोर उभं राहून त्या म्हणतं,
पुढची दिवाळी येईपर्यंत, दर आठवड्याला.
म्हणून शब्द जपून निवडावे लागतात.
चपलेसारखे. वर्षभर चावायला नकोत.

डाखोरे दरवेळी फाटकातूनच विचारतात,
"थे कविता-फविता ठीक हाय मॅडम,
पण पोट्टं पास झालं का नाही?"
झालं, म्हणते मी.
"मंग तसं लिहून द्या ना एका कागदावर."
गेल्या वर्षी खरंच लिहून दिलं.
त्यावर शिक्का हवा म्हणाले,
तर त्यांच्याच वंशनं बटाटा कोरला
आणि निंबाच्या पानाचा हिरवा शिक्का हाणला.
तो कागद आता त्यांच्या कपाटात आहे,
सात-बाराच्या खाली.

वर्गात सध्या निम्मीच मुलं.
सीतादही झाली, वेचणी लागली.
येतात त्यांच्या बोटांना बोंडांचे ओरखडे.
ओल्या कागदावर निळा सोडताना
"चुरचुरते, बाई."
निळा सरकत पिवळ्यापाशी जातो
आणि कुणी न सांगता हिरवा होतो.
सगळे माना खाली घालून बघत राहतात.
मीही. अकरा वर्षं झाली.

भुलाबाई कोजागिरीलाच गेली.
तिच्या मखराचे ज्वारीचे धांडे तेवढे
खिडकीपाशी उभे आहेत, पानं वाळलेली.
शेवटच्या संध्याकाळी तेच पसरले अंगणात,
आणखी दोन भारे पेंदामांच्या वावरातले.
बाहेरून आत वळत जाणारी एकच वाट.
मुलं तिला गोगलगाय म्हणतात.
मधोमध एक दिवा.
एकेकानं जायचं, आपली वात त्यावर लावायची,
परत येताना कुठंतरी ठेवून द्यायची.
परदेशात म्हणे सफरचंदात मेणबत्ती खोचतात.
आम्ही पहिल्या वर्षी सीताफळ घेतलं,
ते मुलांच्या हातातच फुटलं,
निम्मं त्यांनी तिथंच खाल्लं.
तेव्हापासून कवठाच्या रिकाम्या कवट्या.

वंश पळतच जाऊन आला. त्याच्या चार ओळी
मला आधीच माहीत होत्या.
मग आरोही पेंदाम.

आरोही जूनपासून वर्गात बोललेली नाही.
सूत कातते, बासरी धरते, पण वाजवत नाही.
तिच्या नावाच्या कागदावर मी
तीन वेळा 'नदी' लिहून खोडलं.

तिनं दिवा लावला. परत निघाली.
दुसऱ्या वळणावर थांबली.
आधी वाटलं, तेल सांडलं.
मग दिसला तो वाटेतच बसलेला,
दिव्यावरच्या किड्यांसाठी आलेला,
घसा हलवणारा एक जाडजूड बेडूक.

ती थांबली. तो बसला.
अंगणात बावीस पालक, सतरा मुलं,
कुणाचा तरी मोबाइल वाजून बंद झाला.
"काहून थांबली ते?" डाखोरे कुजबुजले.
मी पुढं झाले, हातात खराटा,
आणि ती माझ्याकडे न बघता म्हणाली,
"राहू द्या. जाईल थो."

गेला. त्याला वेळ लागला.
तेवढ्यात तिची वात विझली,
तशीच विझलेली तिनं वाटेच्या कडेला ठेवली,
नीट, कवटी डुगडुगू नये म्हणून
खाली खडा लावून.

माणसं पांगली. डाखोरे चपला शोधत होते.
वंशचं काही विचारतील म्हणून मी उत्तर तयार ठेवलं.
"थे पोरगी," ते म्हणाले,
"तिच्या कागदावर काय लिहिलं तुमी?"

कवट्यांमधलं उरलेलं तेल
मी गाळून बाटलीत परत ओतलं.
धांडे सकाळी गाईंना जातील.
कागदावर एक ओळ झाली आहे.
तीन बाकी.