नाहीतर

हेल्टरमा बंदराच्या कचेरीतला
जुना संगणक डिसेंबरात गेला.
नव्यावर मी हेल्डुरसाठीची स्क्रिप्ट ठेवली,
होती तशी, एक अक्षर न बदलता.

हेल्डुर पहाटे गोठलेल्या समुद्रावर चालत जातो,
पाच ठिकाणी गिरमिट फिरवतो,
पाच आकडे फोनवर सांगतो.
स्क्रिप्ट सरासरी काढते.
बावीस सेंटीमीटरच्या खाली रस्ता बंद,
नाहीतर खुला.

नऊ जानेवारीला निरोप गेला:
'बर्फाची जाडी           सेंटीमीटर. रस्ता खुला.'
मधली जागा कोरी.
दुधाचा टँकर घेऊन एन्डेल काठावर थांबलेला.
'बाई, आकडा खाल्लात की काय?'

नव्या यंत्रावर बीसी नव्हता.
भागाकार करणारा एवढासा प्रोग्राम,
जुन्यावर तो कुणी बसवला होता, कोण जाणे.
स्क्रिप्टने हाक मारली, कुणी ओ दिली नाही,
तरी ती थांबली नाही.
रिकामी ओंजळ तशीच धरून
पुढच्या ओळीवर गेली.
शून्य नव्हे, काहीच नाही.
आणि 'काहीच नाही' हे बावीसहून कमी की जास्त,
शेलला ठरवता येईना.
तो कुरकुरला,
कुणीही न उघडणाऱ्या लॉगमध्ये,
आणि 'नाहीतर'वर उतरला.

आडात नव्हतं ते पोहऱ्यात आलं नव्हतंच.
पोहरा मात्र भरल्यासारखा वर आला.

संध्याकाळी हेल्डुर आला. चिडला नव्हता.
स्टोव्हवर मोजे वाळत घातले.
मी स्क्रीन त्याच्याकडे वळवली, त्याने वाचली नाही.
'मी दारातच नावं घेतो,' म्हणाला.
'गिरमिट. दोर. गळ्यातले टोचे. थर्मास.
थर्मास नसला तरी जातो.
दोर नसला तर बूट काढतो.'

मग रात्री अकरापर्यंत
मी स्क्रिप्टला दार बसवत होते,
अगदी वर, पहिल्या आकड्याच्याही आधी.
कमांड व्ही, आणि एकेकाचं नाव.
जे जे नाही ते एका दमात सांग,
माणसाला खेपा घालायला लावू नकोस.
बीसी नसेल तर ऑक भागेल.
रंग देणारा नसेल, काळ्या-पांढऱ्यात चालेल.
निरोप नेणारा नसेल
तर फाइलीत लिही आणि मला उठव.
भागणारं कुणीच नसेल
तर आकड्याच्या जागी त्याचं नाव लिही,
काय बसवायचं ते लिही,
आणि शून्य न म्हणता बाहेर पड.

शेवटी दोन शब्दांची अदलाबदल केली.
आता पुरावा असेल तर खुला,
नाहीतर बंद.

खात्री करायला बीसी लपवला, ऑकही लपवला,
आणि स्क्रिप्ट चालवली.
'भागाकाराला कुणी नाही. रस्ता बंद.'
इतकं सरळ मला या कचेरीत
कुणी कधी सांगितलं नव्हतं.

दिवा मालवायला उठले तर
स्टोव्हवर हेल्डुरचे मोजे तसेच.
त्याच्या यादीत मोजे नव्हते.