आठ तारा

पांढरी-नारंगी, नारंगी,
पांढरी-हिरवी, निळी,
पांढरी-निळी, हिरवी,
मग तपकिरीची जोडी.
बे एके बेच्या चालीवर घोकतेय मी
टॉडमॉर्डनच्या जुन्या चॅपेलमध्ये.
बाकांच्या जागी आता टेबलं,
टेबलांवर कौन्सिलने टाकून दिलेले चाळीस संगणक,
पोट उघडून पडलेले,
गॅरेजात डिझेल पंप पडावेत तसे.

विल्फ ग्रीनवुड, वय एकाहत्तर,
बंद पडलेल्या गिरणीचा शेवटचा वायरमन,
माझी केबल खिडकीशी धरून बघतो.
म्हणतो, ‘पुन्हा.’
चौथ्यांदा म्हणतो, ‘पुन्हा, बाई.’
नखात तांब्याचा केस रुतलाय.
पंचावन्नाव्या वर्षी शाळेत बसायची हौस
माझी मलाच होती, कुणाला सांगू?

पुस्तकात नाही ते हा शिकवतो.
दुपारी न सांगता मेन स्विच पाडतो:
‘वीज गेली. आता?’
पंख्यासमोर मैद्याची पिशवी झटकतो:
‘ही तिकडची ऑक्टोबरातली धूळ.’
आम्ही खोकतो, डोळे चोळतो,
हवेच्या भोकांवर जुने नायलॉनचे मोजे ताणतो.
सोलर पॅनेल मागच्या अंगणात,
यॉर्कशरच्या आभाळाकडे तोंड करून,
आठवड्याची त्याची कमाई
एक कप चहाला पुरायची नाही.

शुक्रवारी फळ्यावर एकच ओळ:
खोलीची किल्ली कुणाकडे?
पुढे काहीतरी येईल म्हणून आम्ही पेनं उघडी धरून.
तो चहा ढवळत बसला.

आणि मला दिसला
आटपाडीच्या शाळेतला आमचा तो,
शिवणाच्या बाईंनी बेतलेल्या फुलाफुलांच्या झग्यात.
किल्ली हेडसरांच्या जानव्याला.
आम्हा मुलींना खोली झाडायला मिळायची,
झगा उचलायला नाही.
दसऱ्याला झेंडूचा हार, हळद, कुंकू,
कुंकू थेट बटणांच्या फटींत.
चार दसरे मी त्याला लांबून नमस्कार केला.
मग तो बिघडला म्हणाले.
चालू कधी झाला होता,
हे विचारायचं राहिलं.

मी हे तोडक्यामोडक्या इंग्रजीत सांगितलं नाही,
चांगल्या इंग्रजीतच सांगितलं,
तीस वर्षं लेस्टरच्या टेलिफोन खात्यात काढलीत मी,
तरी आवाज मध्येच चिरकला.

चिसोमो फिरी, आमच्यातला सर्वांत धाकटा,
जिथं आम्ही जाणार त्याच्या पलीकडल्या गावचा,
हसू दाबत म्हणाला,
‘आमच्याकडे त्यावर क्रोशाचा रुमाल आहे.
किल्ली मुखियाच्या मेव्हण्याकडे.
मेव्हणा सरोवरापलीकडे, मासे विकायला.
केव्हा येईल? मासे संपले की.’

विल्फने खिशातून चॅपेलची किल्ली काढली,
माझ्या तळहातावर ठेवली.
‘बाजारात जा. अकरा करून आण.’

मार्केट हॉलमध्ये चीजवाल्याशेजारी किल्लीवाला.
यंत्र किंचाळलं, पितळेचा भुसा उडाला,
‘अकरा? देऊळ विकताय की काय?’
परत येताना कोटाच्या खिशात
गरम गरम खुळखुळ,
ओंजळभर शेंगा भाजून आणाव्यात तशी.

त्या रात्री झोप लागली नाही.
पहाटे साडेपाचला, कालव्यावर धुकं,
दाराशी मी एकटी.
किल्ली नवी, जरा अडली.
आत गारठा, मैद्याचा वास.
दिवा मीच लावला.
कुणाला विचारावं लागलं नाही, याचंच
कितीतरी वेळ नवल वाटत राहिलं.

मग तार सोलली. पांढरी-नारंगी, नारंगी…
टेस्टरवर हिरवे ठिपके चालत गेले:
एक, दोन, तीन, चार,
पाच, सहा, सात.
आठवा नाही.

‘पुन्हा,’
मीच म्हटलं.